शीळवाला सायब

विचार न करता 'हो' म्हणायची मला जुनी खोड आहे. लग्नाला असाच हो म्हणालो, ते बरं निघालं. ऑफिसच्या सत्यनारायणाचा प्रसाद माझ्याकडे द्या, याला हो म्हणालो, तर शिरा असा करपला की अठरा वर्षं झाली तरी लोक मला 'करपे' म्हणतात. (माझं आडनाव कर्णिक आहे. चिंतामणी कर्णिक.) पण यंदाच्या फेब्रुवारीत सासूबाईंना जे हो म्हणून बसलो, त्याला तोड नाही.

सासूबाई म्हणजे यशोदाबाई, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. सासरे हेरंबराव, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, चौदा महिन्यांपूर्वी गेले आणि तेव्हापासून सासूबाई आमच्याकडे भोईवाड्यात आहेत. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, खाली उतरलं की चार पावलांवर देऊळ. पण चौदा महिन्यांत त्या एकदाही खाली उतरल्या नव्हत्या. सकाळी उठायचं, आंघोळ करायची आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसायचं. कालिंदीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, काय काय केलं नाही? भजनी मंडळाच्या बायका घरी बोलावल्या; त्या टाळ वाजवून, चहा पिऊन गेल्या. डॉक्टर आणले, ते म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, मन रमेल असं काहीतरी बघा. मन रमावं म्हणून मी दादरहून भरतकामाचं सामान आणलं. सासूबाईंनी ते माझे आभार मानून कपाटात ठेवलं. जेवण अर्ध्या पोळीवर आलं होतं.

"आपल्या डोळ्यांदेखत आई विझत चाललीय हो," कालिंदी ओटा पुसता पुसता म्हणायची. मग मी पुसलेला ओटा पुन्हा पुसायचो.

तर त्या शुक्रवारी संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन चहा पीत फोन बघत बसलो होतो. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी एक मेसेज टाकला होता, तो मी मोठ्यानं वाचला. (भुताचं काही असलं की मी मनात वाचत नाही. मोठ्यानं वाचलं म्हणजे घरात आणखी कुणीतरी आहे याची खात्री राहते.)

"शिवडीच्या पडक्या किल्ल्यात आजही फिरतो शीळवाला सायब. साठ वर्षांपूर्वी गोदीतल्या अनेक कामगारांनी संध्याकाळी गोऱ्या शिपायाच्या भुताची शीळ ऐकली आहे. दोन आखूड, एक लांब. ही शीळ ऐकल्यावर जो मागे वळून पाहतो, तो..."

पुढचं वाचायला कुठेतरी दाबायचं होतं. माझं बोट तयार होईना.

तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला. आधी मला वाटलं, सासूबाईंना ठसका लागला. पाणी घेऊन धावलो तर त्या हसत होत्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

"गोरा शिपाई म्हणे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. मग डोळे पुसून, अगदी सरळ माझ्याकडे बघत म्हणाल्या, "चिंतामणराव, मला त्या किल्ल्यावर न्याल का?"

"हो," मी म्हणालो.

"उद्याच जाऊ. तुमचा दुसरा शनिवार आहे. आणि कालिंदीला सांगू नका."

आता, चौदा महिने जे माणूस देवळापर्यंत आलं नाही, ते स्वतःहून बाहेर पडायचं म्हणतंय, त्याला नाही कसं म्हणायचं? पण भुताच्या किल्ल्यावर? मी गिरगावात वाढलेला माणूस. आमच्या चाळीत जिन्याखाली एक मुंजा होता, त्याच्यामुळे मी सातवीपर्यंत जिना उतरताना डोळे मिटायचो. (पडायचोही. पण मुंजा दिसण्यापेक्षा ते बरं.) त्या रात्री मी सासूबाईंना तीनदा सुचवून पाहिलं: राणीचा बाग, वरळीची चौपाटी, सिद्धिविनायक. त्या तिन्ही वेळा म्हणाल्या, "किल्ल्यावरनं येताना जाऊ."

सकाळी कालिंदीला सांगितलं, "आईंची कवळी सैल झालीय. दादरला दाताच्या डॉक्टरांकडे नेऊन आणतो." कवळी खरंच सैल झाली होती, त्यामुळे हे अर्धंच खोटं होतं. कालिंदीला इतका आनंद झाला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं आईचे केस विंचरले, निळ्या बारीक फुलांची पांढरी साडी काढून दिली, आणि मग तिचं लक्ष माझ्या पिशवीकडे गेलं.

"अहो, दाताच्या डॉक्टरकडे टॉर्च कशाला?"

"डॉक्टरांचा बिघडला असला तर," मी म्हणालो.

"आणि लिंबू?"

"सरबत करून घेऊ कुठेतरी."

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. बावीस वर्षांत तिनं अशा कितीतरी गोष्टी बघून सोडून दिल्या आहेत.

टॅक्सी शिवडी स्टेशनचा पूल ओलांडून गोदामांच्या बाजूला वळली तशी सासूबाई खिडकीतून डोकं बाहेर काढून बघायला लागल्या. इथं आमची पोर्ट ट्रस्टची चाळ होती, इथं नळ होता, इथं बुधाजी नावाचा माणूस खारे दाणे विकायचा. बुधाजीच्या जागेवर आता ट्रकची रांग होती, तरी त्यांना तो दिसत असावा, कारण त्या हसल्या. मी ड्रायव्हरला विचारलं, "वर कुणी असतं का हो?" तो म्हणाला, "माणूस तर नसतो." असं बोलून लोक आपलं काय साधतात कुणास ठाऊक.

टेकडी लहानशीच आहे. वर काळ्या दगडाचा किल्ला, अर्धा पडलेला, अर्धा पडायचं राहिलेला. भिंतींतून पिंपळ आलेले. सासूबाई चढ चढल्या, माझ्या पुढं. मी दोनदा थांबलो ते त्यांच्यासाठी, असं मी त्यांना सांगितलं.

दरवाजातून आत गेल्यावर त्यांनी चौकटीच्या दगडावर तळहात ठेवला. खूप वेळ. मग पर्समधून कवळीची डबी काढली, पाठ वळवली, कवळी काढून डबीत ठेवली आणि डबी माझ्या हातात दिली.

"ही धला दला," त्या म्हणाल्या. (कवळी काढल्यावर सासूबाईंचं बोलणं असं होतं. घरात फक्त कालिंदीला ते नीट कळतं, मला अंदाजानं. यापुढचं बहुतेक सगळं मी दात लावून लिहितो आहे, वाचणाऱ्यांची सोय म्हणून.) "तुम्ही इथंच थांबा. मला पलीकडच्या बुरुजावर एकटीला जायचंय. मागनं येऊ नका."

मागनं जायचा माझा विचार नव्हताच. पण त्या कोपऱ्यावरून वळून दिसेनाशा झाल्या आणि माझ्या लक्षात आलं की एकट्या त्या नाही, एकटा मी राहिलो आहे.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. ऊन होतं. तरीही मी टॉर्च लावला. रामरक्षा म्हणायला घेतली, ती तिसऱ्या ओळीला गणपतीच्या आरतीत शिरली. आरती संपायच्या आत पलीकडून 'फुस्स' असा आवाज आला. मी गप्प झालो. पुन्हा 'फुस्स'. साप असेल, असं स्वतःला समजावलं. (सापानं मला धीर येतो, इथवर परिस्थिती आली होती.)

आणि मग ती आली. दोन आखूड, एक लांब. स्वच्छ, धारदार, किल्ल्याच्या या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत आलेली शीळ.

मागे वळून पाहायचं नाही एवढं मला आठवत होतं. मागे न पाहता पळायचं तर पुढं पळावं लागतं, आणि पुढं बाहेरचा दरवाजा नव्हता, आतला बोळ होता. त्यात शिरलो. बोळाच्या शेवटी भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर एक भगदाड होतं आणि त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. उजेड म्हणजे बाहेर, असा मी हिशेब केला आणि डोकं घातलं. डोकं गेलं. खांदे गेले. मग पोट आलं.

पोट काही गेलं नाही.

पलीकडं बाहेर वगैरे काही नव्हतं. छप्पर पडलेली एक खोली होती आणि तिच्यात तीसेक कबुतरं, जी माझ्याकडे उगाचच घरात शिरलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी बघत होती. मी मागे सरकायचा प्रयत्न केला. शर्ट वर गोळा झाला, मी तिथंच. पुढं सरकायचा केला. तसाच. माझं वरचं अंग कबुतरांच्या खोलीत आणि पाय बोळात, जमिनीपासून हातभर वर.

अशा वेळी माणूस जे करतो तेच मी केलं. "आई, आई," अशा हाका मारल्या. म्हणजे सासूबाईंना. मी त्यांना आईच म्हणतो.

बोळात पावलं वाजली. पण आवाज आला तो एका पोरगेल्या मुलाचा. "तर मंडळी, आपण आता लाईव्ह आहोत शिवडी किल्ल्याच्या आतल्या भागात. आत्ताच जी शीळ ऐकलीत, ती ओरिजिनल आहे, एडिटिंग नाही. जुई, कॅमेरा जरा खाली घे."

"मयूर," मुलीचा आवाज आला, "भिंतीतून पाय आलेत."

"कुठे?"

"भिंतीतून."

मी जिवाच्या आकांतानं म्हणालो, "अहो, जरा ओढा मला." पण तोंड खोलीत आणि ऐकणारे बोळात; शिवाय मी तोंड उघडताच सगळी कबुतरं एकदम उडाली. पुढं मी तो व्हिडिओ पाहिला तेव्हा कळलं की बोळात फक्त 'हूऽऽ' आणि पंखांचा फडफडाट एवढंच पोचलं होतं. आणि त्याच क्षणाला, माझ्या हाका ऐकून, सासूबाई कोपऱ्यावरून आल्या. वाऱ्यानं सुटलेले पांढरे केस, पांढरी साडी, तोंडात दात नाहीत, दोन्ही हात पुढं करून: "थितामनलाव, थितामनलाव."

मयूर आणि जुई यांच्या पळण्याचा आवाज मी आतूनही ऐकला. जाताना तीन पायांच्या स्टँडवरचा फोन ते तिथंच टाकून गेले. तो लाईव्ह चालूच होता. हे मला माहीत नव्हतं, सासूबाईंना तर लाईव्ह म्हणजे काय तेच माहीत नव्हतं.

त्यांनी माझा एक पाय धरून ओढून पाहिला, मग दुसरा. मग त्या दमल्या आणि तिथल्याच एका दगडावर बसल्या. "जरा दम खाऊन बघू," म्हणाल्या.

"आई," मी कबुतरांच्या खोलीतून म्हणालो, "ती शीळ ऐकलीत?"

"ऐकली काय, मीच घातली."

मला वाटलं, कवळी नसल्यामुळे मी चुकीचं ऐकतोय.

"तेव्हाही मीच घालायचे," त्या म्हणाल्या. "गोरा शिपाई कुठला आलाय? मी होते. एकोणीस वर्षांची."

आणि मग त्या बोलत राहिल्या. चौदा महिन्यांत बोलल्या नव्हत्या एवढं, माझ्या पायांशी. खाली चाळीत त्यांचं घर. अण्णा परळला राहायचे, गोदीच्या ऑफिसात नवे लागलेले. ओळख कशी झाली ते बुधाजीच्या दाण्यांवरून; एकाच पुडीवर दोघांचा हात. मग किल्ल्यावर भेटायचं ठरलं. पण चाळीतलं कुणी वर नाही ना, हे अण्णांना खालून कसं कळणार? म्हणून आधी या यायच्या, सगळं बघून बुरुजावरून शीळ घालायच्या. दोन आखूड, एक लांब, म्हणजे या. आखूड तीन, म्हणजे थांबा, कुणीतरी आहे.

"अण्णांनीच नाही का घालायची शीळ?" मी विचारलं.

"त्यांना येत नव्हती. तीन वर्षं शिकवलं मी. नुसती थुंकी उडायची."

एका संध्याकाळी गोदीच्या एका मुकादमानं ती शीळ ऐकली आणि गोऱ्या शिपायाचं भूत पाहिलं म्हणून चाळीत सांगितलं. त्या दिवसापासून किल्ल्यावर कुणी फिरकेना. यशोदाबाईंच्या वडिलांनी तर मुलीला स्वतः बजावलं, तिकडे जाऊ नकोस, तिथं सायब आहे. "भुताचे फार उपकार आहेत आमच्यावर," सासूबाई म्हणाल्या. "पुढं यांनी आपल्या मामांमार्फत रीतसर स्थळ पाठवलं. बघायला आले तेव्हा आम्ही दोघं एकमेकांना कधी पाहिलंच नाही असे बसलो होतो. यांनी विचारलं, गाणं येतं का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, मग काय येतं? मला असं हसू आलं, चिंतामणराव, की ठसक्याचं सोंग करून आत पळावं लागलं. लग्नानंतर शीळ बंद केली मी. सासरी सून शीळ घालते का?"

मला एक गोष्ट आठवली. लग्न नवीन असताना सासुरवाडीला दाढी करता करता मी शीळ घातली होती आणि अण्णा ताडकन उठून गॅलरीत निघून गेले होते. मला वाटलं, रागावले. त्या धसक्यानं मी आजतागायत शीळ घातलेली नाही. मी ते सासूबाईंना सांगितलं.

"रागावले कसले," त्या म्हणाल्या. "हसायला गेले होते. तुमची शीळ फार वाईट होती."

पुढचं बोलताना त्यांचा आवाज खाली आला होता. "लग्नाला पन्नास वर्षं झाली की पुन्हा वर यायचं ठरलं होतं आमचं. त्या वर्षी माझा गुडघा. मग यांचा दमा. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिलो. ते गेले तेव्हा मला सारखं वाटायचं, आता मला शीळ येतच नसेल. आणि येत नसेल तर कळणारही नाही कुणाला, कारण ती मला येते हे माहीत असणारा माणूसच गेला."

माणसाचं निम्मं अंग भिंतीत असलं तरी कधी गप्प बसावं ते कळतं. एक कबुतर परत येऊन माझ्या खांद्यावर बसलं, त्यालाही मी काही म्हणालो नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग बोळात चपला वाजल्या, माझ्या पायांपाशी येऊन थांबल्या आणि कालिंदीचा आवाज आला.

"कवळी बसली का नीट?"

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बकुळाताई हे भुताचे कार्यक्रम नेमानं बघतात. त्यांनी फोन हातात धरून आमचं दार वाजवलं होतं: "अगं कालिंदी, ही तुझी आई ना? आणि हे पाय कुणाचे गं?" कालिंदीनं पाय ओळखले, पँट तिनंच इस्त्री केली होती, आणि ती तशीच टॅक्सीत बसली. फोन तिच्या हातात चालू होता. शिवडी येईपर्यंत सासूबाई जे जे बोलल्या ते तिनं ऐकलं. तो लाईव्ह त्या वेळी साडेचार हजार माणसं बघत होती आणि एकालाही एक अक्षर कळलं नव्हतं. (खाली लोकांनी लिहिलं होतं की आत्मा पोर्तुगीज बोलतोय.) बघणाऱ्यांत कळलं ते फक्त कालिंदीला. रोज सकाळी कवळी लावायच्या आधी आईशी बोलणारी ती एकटीच.

"आई," कालिंदी म्हणाली. माझ्याशी बोललेल्या आवाजापेक्षा हा आवाज निराळा होता. "अण्णांना शीळ येत नव्हती?"

"नाही गं."

"आणि मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस."

"लाज वाटली," सासूबाई म्हणाल्या. "तू शाळेत असताना मुलांबरोबर खिदळतेस म्हणून मी तुला रागावले होते. मग कोणत्या तोंडानं सांगू?"

पुढं नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला, एकीचा की दोघींचा ते भिंतीमुळे कळलं नाही. मग मी हळूच म्हणालो, "आता जमलं तर माझं बघा."

तेवढ्यात मयूर आणि जुई फोन न्यायला परत आले. भूत एका चांगल्या घरच्या बाईच्या गळ्यात पडून रडतंय हे बघून त्यांची भीती गेली असावी. तिघांनी मिळून मला ओढलं. सासूबाई सूचना देत होत्या, "श्वास सोडा, अजून सोडा, आहे तेवढा सगळा सोडा." शर्टाची चार बटणं कबुतरांना ठेवून मी बाहेर आलो. जुईनं मला पाणी दिलं आणि शंभरदा सॉरी म्हणाली.

"तुम्ही भुतं शोधायला सकाळी येता?" कालिंदीनं विचारलं.

"रात्री घरून सोडत नाहीत," जुई म्हणाली.

सासूबाईंनी डबी मागितली, कवळी लावली आणि आम्ही सगळे बुरुजावर गेलो. ओहोटी होती. खाली खाजणाच्या चिखलात फ्लेमिंगो उतरले होते, शेकड्यांनी, लांबवर गुलाबी पट्टा ओढल्यासारखे. त्यांच्यावरून नवा सागरी पूल धुरकट उजेडात पार पलीकडे गेला होता. सासूबाई पुलाकडे बघून म्हणाल्या, "हा नव्हता तेव्हा." पक्ष्यांबद्दल काही म्हणाल्या नाहीत. बहुतेक तेव्हा या दोघांना पक्षी बघायला सवड नसावी.

मयूर चुळबुळत होता. शेवटी म्हणाला, "आजी, तुमची खरी स्टोरी आम्ही टाकू का चॅनेलवर? म्हणजे भूत नाहीच, तुम्हीच होतात, असं."

सासूबाईंनी विचार केला. "नको," त्या म्हणाल्या. "भूत राहू दे. मुंबईत जागा कुठं आहेत पोरांना बसायला? अजून कुणाच्या उपयोगी पडेल." असं म्हणून त्यांनी मयूरकडे आणि मग जुईकडे बघितलं. ती दोघं एकदम पुलाकडे बघायला लागली.

"आई, पुन्हा घाल ना," कालिंदी म्हणाली.

सासूबाईंनी पाठ वळवली, कवळी काढली, दोन बोटं तोंडात घातली. दोन आखूड, एक लांब. या वेळी मी जवळ उभा होतो, ऊन होतं, चारचौघं होती, तरी माझ्या अंगावर काटा आला. पण तो भीतीचा नव्हता एवढं मला नक्की सांगता येतं. चिखलातले काही पक्षी उडाले आणि पुन्हा बसले. कालिंदीनंही बोटं तोंडात घालून पाहिली. नुसती हवा आली.

"बापावर गेलीस," सासूबाई म्हणाल्या. आणि मग, कवळी लावून, पदर खोचून, "चल. भूक लागलीय मला. खाली काही मिळतं का बघू."

कालिंदीनं माझ्याकडे पाहिलं. चौदा महिन्यांत 'भूक' हा शब्द आम्ही त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. स्टेशनजवळच्या टपरीवर त्यांनी दोन वडापाव खाल्ले आणि तिसऱ्यातला अर्धा. मला कुणी विचारलं नाही, कारण मी कसा अडकलो होतो ते सगळ्यांनी नुकतंच पाहिलं होतं.

तेव्हापासून मायलेकी दर शनिवारी किल्ल्यावर जातात. एरवी सासूबाई लिफ्टनं खाली उतरतात, देवळात जातात, बकुळाताईंशी भांडतात. भाजीवाला खालून जायला लागला की तिसऱ्या मजल्यावरून शीळ घालतात आणि तो बरोबर थांबतो. कालिंदीला अजून शीळ येत नाही, पण परवा एकदा ओझरता सूर निघाला, तर सासूबाईंनी सगळ्यांसाठी गोडाचा शिरा केला. भरतकामाचं सामान कपाटातच आहे.

मयूर-जुईनं शब्द पाळला. त्यांनी खरी हकिकत कुणाला सांगितली नाही. पण तो व्हिडिओ लोकांनी आधीच पाहिलेला होता, त्याला काय करणार?

गेल्या सोमवारी ऑफिसला जायच्या आधी मी नाक्यावर आनंदाकडे दाढीला बसलो होतो. गळ्याभोवती चादर, गालांना साबण, आनंदाच्या हातात वस्तरा. तो म्हणाला, "साहेब, ऐकलंत का? शिवडीच्या किल्ल्यात नवीन भूत आलंय."

"शीळवालं?" मी जाणत्या माणसासारखा हसलो.

"ते जुनं. हे नुसतं पायांचं. भिंतीतून दोन पाय येतात, कमरेपर्यंत, वरचा माणूसच नाही. माझ्या मेहुण्यानं व्हिडिओत बघितलं. आणि सारखं आई, आई करून रडतं. लहानपणीच गेलं असणार बिचारं."

खोटं कशाला सांगू? माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. नुसते पाय, वर माणूस नाही. पुढच्या शनिवारी मायलेकींना एकटं सोडायचं नाही, असंही मी त्या क्षणी ठरवलं.

"पण आनंदा," मी म्हणालो, "लहानपणी गेलं तर पाय मोठे कसे?"

"भुताचे पाय वाढतात साहेब. पण चांगल्या घरचं वाटत नाही ते. मेहुणा म्हणाला, पँट वर गेली होती तर मोजे दिसत होते. एका पायात काळा, एका पायात चॉकलेटी."

मी चादरीखालून हळूच एक पाय पुढं केला आणि पँट जरा वर ओढली. मग दुसरा.

"काय झालं साहेब?" आनंदानं वस्तरा थांबवला.

"काही नाही," मी म्हणालो आणि दोन्ही पाय खुर्चीखाली घेतले.